नाचणी सत्त्वातलं व्हिटॅमिन सी टिकत नाही, 'स्टॅबिलाइज्ड सी' म्हणजे नक्की काय प्रकार?

नाचणीवाली_वाई

नमस्कार मंडळी. बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चूकभूल समजून घ्या.

आमचा बचत गट आहे, मोड आणलेल्या नाचणीचं सत्त्व करतो. नाचणी भिजवायची, मोड आणायचे, वाळवून भाजून दळायची, मग गूळ पावडर, दूध पावडर आणि वेलची मिसळून पाव किलोच्या बरण्या भरायच्या. मागच्या वर्षी एका आहारतज्ज्ञ बाईंनी सुचवलं की नाचणीतलं लोह अंगाला लागायला व्हिटॅमिन सी सोबत पाहिजे, तर तेही घाला. आम्ही फूड ग्रेड ॲस्कॉर्बिक ॲसिड आणलं, मोजून घातलं, बरणीवर आकडा छापला. ताज्या मालाचा रिपोर्ट व्यवस्थित आला. त्याच लॉटची चार महिन्यांनी परत टेस्ट केली तर छापलेल्याच्या निम्मंही नाही! वर पीठ जरा काळपट झालेलं आणि आंबूस-जळकट असा काहीतरी वास.

आता एक सेल्समन येऊन गेला, म्हणाला आमच्याकडे 'स्टॅबिलाइज्ड व्हिटॅमिन सी' आहे, वर्षभर काही होत नाही. भाव ऐकून आम्ही सगळ्याजणी गप्प बसलो. माझा दीर बीएस्सी केमिस्ट्री आहे, तो म्हणतो वहिनी एवढे पैसे घालवू नका, ॲस्कॉर्बिक ॲसिडमध्ये खायचा सोडा घातला की सोडियम ॲस्कॉर्बेट होतं, तेच हे, घरी करू.

तर हे स्टॅबिलाइज्ड म्हणजे केमिकली नक्की काय करतात? घरी होण्यासारखं आहे का? आणि खाण्यात चालतं का, लहान मुलं खातात आमचं सत्त्व म्हणून विचारतेय.

---

केमिकल_लोचा

ताई, प्रश्न एक नंबर आहे. मी ऑरगॅनिक केमिस्ट्रीवाला, जरा लांबड लागेल, चहा घेऊन बसा.

आधी हे मरतं कसं ते बघू. सी चा रेणू म्हणजे पाच अणूंची एक कडी, आणि त्या कडीत दोन नंबर आणि तीन नंबरच्या कार्बनमध्ये डबल बाँड, आणि त्या दोन्ही कार्बनवर एकेक ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट). सगळी गंमत या दोन ओएचमध्ये आहे. हे दोघं मिळून इलेक्ट्रॉन वाटत सुटतात, म्हणून तर ते अँटीऑक्सिडंट. हवेतला ऑक्सिजन आला की ते देऊन टाकतात आणि रेणूचं डीहायड्रोॲस्कॉर्बिक ॲसिड होतं. इथपर्यंत शरीर ते परत सी करून घेतं, काही बिघडलं नाही. पण त्यानंतर पाणी मिळालं की कडी उघडते, डायकिटोगुलोनिक ॲसिड होतं, आणि तिथून परतीचा रस्ता नाही. पुढे तेच तुटून तपकिरी रंग येतो. तुमचं पीठ काळं पडलं त्यात याचा हात आहे, बाकी दूध पावडर आणि गुळाची आपापली मेलार्ड रिॲक्शन (साखर आणि प्रोटीन मिळून तपकिरी पडतात ती).

आणि या सगळ्याला घाई लावतात लोखंड आणि तांबं, तेसुद्धा अगदी चिमूटभर असले तरी. आता तुमची रेसिपी बघा: नाचणीत लोह, लोखंडी काहिलीतल्या गुळात लोह, वर गूळ हवेतली ओल ओढून घेतो. ज्या लोहासाठी सी घातलं तेच लोह डब्यात बसून सी खातंय :D

दिराचं म्हणणं: रिॲक्शन बरोबर आहे हो त्याची. १७६ ग्रॅम ॲसिडला ८४ ग्रॅम सोडा, पाण्यात फसफसतं, सोडियम ॲस्कॉर्बेट तयार. पण आंबटपणा गेला म्हणजे टिकाऊपणा आला असं नसतं. सोड्याने तीन नंबरच्या ओएचचा फक्त हायड्रोजन काढला, इलेक्ट्रॉन वाटणारी जोडी होती तशीच उघडी आहे, उलट आंबट पाण्यापेक्षा न्यूट्रल पाण्यात ती जास्त पटकन खराब होते. म्हणजे घरी पाण्यात करून वाळवेपर्यंतच बराचसा माल गेलेला असेल. विकतचं कोरडं सोडियम ॲस्कॉर्बेट (पाकिटावर घटकांत छापतात तो ३०१ नंबर) चांगलं असतं, पोटाला कमी आंबट, पण तुमच्या गुळात पडलं की त्याचंही तेच होणार.

खरं स्टॅबिलाइज्ड म्हणजे दोन नंबरच्या ओएचला कुलूप लावलेलं. तिथे फॉस्फेट बसवायचा किंवा ग्लुकोज बसवायचा. मग तो रेणू इलेक्ट्रॉन देऊच शकत नाही, म्हणून ऑक्सिजन त्याला काही करत नाही, शिजवा, भाजा, पाण्यात ठेवा. आतड्यात गेल्यावर फॉस्फटेज एन्झाइम फॉस्फेट काढतं, ग्लुकोजवाल्याचं ग्लुकोज तिथलंच माल्टेजसारखं एन्झाइम काढतं, आणि आत मूळ सी मोकळं.

करतात कसं: जुनी पद्धत म्हणजे बर्फासारख्या थंड पाण्यात, पिरिडिन घालून, पीएच १२ च्या आसपास धरून त्यात फॉस्फरस ऑक्सिक्लोराइड सोडायचं. पीएच एवढा वर का, तर साध्या परिस्थितीत तीन नंबरचा ओएच जास्त ॲसिडिक (पीकेए, म्हणजे हायड्रोजन सुटायला लागतो तो पीएच, ४.२ च्या जवळ), दोन नंबरचा ११ च्याही वर, त्यामुळे दोघांचेही हायड्रोजन निघाले पाहिजेत, मग दोन नंबर जास्त हावरट असतो आणि फॉस्फेट तोच पकडतो. हे घरी? अजिबात नाही!! ऑक्सिक्लोराइडला ओल लागली की हायड्रोक्लोरिक ॲसिडचा धूर, आणि पिरिडिनचा वास एकदा कपड्याला लागला की बायको घरात घेत नाही (अनुभव).

नंतर अमेरिकेत कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत सीब यांच्या ग्रुपने सोपा मार्ग काढला, ऑक्सिक्लोराइडच्या ऐवजी सोडियम ट्रायमेटाफॉस्फेट. हे फॉस्फेटचं तीन मण्यांचं कडं असतं, अल्कलाइन पाण्यात ॲस्कॉर्बेट त्या कडीवर हल्ला करतो, कडं उघडतं आणि तीन मण्यांची शेपूट दोन नंबरला लागते. पॉलिफॉस्फेट म्हणतात त्याला. पिरिडिन नाही, धूर नाही. शेपटीचे जादाचे मणी गळाले तरी शेवटचा एक टिकून राहतो आणि तेवढा पुरतो.

---

देशी_मावळा

एवढी केमिकलं लहान मुलांच्या खाण्यात कशाला?? आवळा पावडर घाला विषय संपला. आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं

---

केमिकल_लोचा

@देशी_मावळा दादा, आवळ्यातला सी आणि डब्यातला सी एकच रेणू आहे, उन्हात वाळवला की तोही तसाच जातो, गुळात घातला की तोही तसाच काळा पडतो. आणि डब्यातला सी काय दगडातून येत नाही, ग्लुकोजपासूनच करतात, ग्लुकोजचं सॉर्बिटॉल, सॉर्बिटॉलचं सॉर्बोज ही पायरी तर बॅक्टेरिया करतात. राइखश्टाइनने १९३३ मध्ये झुरिकला बसवलेली पद्धत आहे. पुढे चीनवाल्यांनी दोन टप्प्यांचं फर्मेंटेशन काढलं आणि मार्केट खाल्लं.

आवळा घालू नका असं म्हणत नाहीये, चवीला घाला की. पण बरणीवर आकडा छापायचा असेल तर आवळ्याच्या भरवशावर छापू नका.

---

बेकरीचा_बंड्या

आमचा तीन पिढ्यांचा पावाचा धंदा, म्हणून पावाचं सांगतो. पावाच्या पाकिटावर ३०० नंबर असतो ना, ते ॲस्कॉर्बिक ॲसिडच. लोक मला येऊन विचारतात पावात व्हिटॅमिन सी असतं का, मी म्हणतो वाचायला असतं खायला नसतं 😂 ते मैद्यात पीठ ताणदार व्हावं म्हणून असतं, मळताना त्याचं ते डीहायड्रो होतं आणि तेच ग्लुटेन पक्कं करतं, भट्टीतून पाव निघेपर्यंत व्हिटॅमिन म्हणून जवळजवळ काही उरत नाही. याच कामाचं पोटॅशियम ब्रोमेट २०१६ ला बंद झालं तेव्हापासून आम्ही तरी याच्यावरच आहोत.

म्हणजे इथे त्याने मरणं हेच त्याचं काम आहे. ते कुलूपवालं घातलं तर उलट पाव फुलायला काही मदत होणार नाही, पण पावात खरंच व्हिटॅमिन ठेवायचं असेल तर तेच लागेल. दोन्ही पाहिजे तर दोन्ही घाला. आमच्या गिऱ्हाइकाला मऊ पाव पाहिजे, व्हिटॅमिनला तो वडा खातो.

---

टायट्रेशन_बाई

मी एका फूड लॅबमध्ये १४ वर्षं काढली आहेत, एक गोष्ट कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. ताई, तुमचा रिपोर्ट कुठल्या मेथडचा आहे ते आधी बघा.

बहुतेक छोट्या लॅब व्हिटॅमिन सी निळ्या डायने काढतात, डायक्लोरोफिनॉल इंडोफिनॉल, आम्ही नुसतं 'डाय' म्हणतो. सॅम्पल मेटाफॉस्फोरिक ॲसिडमध्ये घोटायचं, गाळायचं, डाय सोडत जायचं, सी आहे तोवर रंग उडत राहतो, संपलं की गुलाबी छटा टिकते, तिथे थांबायचं. स्वस्त आणि झटपट. पण नाचणीचं गाळलेलं पाणी स्वतःच लालसर-तपकिरी असतं, त्यात फिकट गुलाबी दिसणं म्हणजे संध्याकाळच्या उजेडात सुईत दोरा ओवणं. शिवाय नमुन्यात फेरस लोह असेल तर तेही डायचा रंग उडवतं, म्हणजे आकडा खोटाच वाढतो. उलट डीहायड्रो झालेलं सी अजून शरीराला चालतं पण डायला दिसत नाही, म्हणजे आकडा खोटाच कमी. तुमचा निम्मा आकडा बहुतेक खराच असेल, काळपटपणा सांगतोच आहे, पण एकदा एचपीएलसीवर (रेणू वेगवेगळे करून मोजणारं मशीन) करून घ्या.

आणि गंमत पुढे. समजा तुम्ही महागडं फॉस्फेटवालं आणलंत आणि त्याच लॅबमध्ये डायवर दिलंत, तर रिपोर्ट येईल शून्य! कारण कुलूप लावलंय, तो इलेक्ट्रॉन देतच नाही, डायचा रंग उडणार कसा. त्यासाठी आधी फॉस्फटेजने कुलूप काढावं लागतं नाहीतर एचपीएलसीवर थेट तोच रेणू मोजावा लागतो. आमच्याकडे एकदा एक पार्टी सॅम्पल घेऊन भांडायला आलेली, लॅब चोर आहे म्हणे. दोन दिवस घालवले आम्ही, मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की पाकिटावर नाव काय आहे ते वाचा तरी.

सेल्समनला एवढंच विचारा की रेणूचं पूर्ण नाव सांग आणि सीओए (मालाच्या तपासणीचा दाखला) दे. 'स्टॅबिलाइज्ड' हे नाव नाही, विशेषण आहे. त्या शब्दाखाली काहीही विकतात. नुसतं सोडियम किंवा कॅल्शियम ॲस्कॉर्बेट असू शकतं, चरबीचं नाहीतर इथाइल सेल्युलोजचं कोटिंग केलेलं साधं ॲस्कॉर्बिक असू शकतं, ॲस्कॉर्बिल पामिटेट असू शकतं, किंवा खरंच फॉस्फेट.

---

नाचणीवाली_वाई

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे आभार. सीओए मागितला, व्हॉट्सॲपवर आला, त्यावर लिहिलंय 'ॲस्कॉर्बिल पामिटेट'. म्हणजे हे कुलूपवालं का?

---

केमिकल_लोचा

नाही!! आणि इथेच सगळे फसतात. पामिटेटमध्ये शेपूट लावलीय सहा नंबरच्या कार्बनला, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला. दोन-तीन नंबरची जोडी सताड उघडी. ते करतातच यासाठी की सी तेलात विरघळावं आणि तेल खवट होऊ नये, ३०४ नंबर, तेलात-वनस्पतीत फार चांगलं काम करतं. करायची जुनी रीत पण मजेशीर आहे, ॲस्कॉर्बिक आणि पामिटिक दोन्ही कडक सल्फ्युरिक ॲसिडमध्ये विरघळवायचे आणि एस्टर झाला की बर्फावर ओतायचं, हल्ली लायपेज एन्झाइमने पण करतात. पण तुमच्या गुळाच्या पिठात ते टिकाऊ सी म्हणून घालणं म्हणजे मागच्या दाराला कुलूप आणि पुढचं दार उघडं.

शिवाय वजनाचा हिशोब बघा. पामिटेट १०० ग्रॅम घेतलं तर त्यात सी फक्त साडेबेचाळीस, बाकी चरबी. सोडियम ॲस्कॉर्बेटमध्ये ८९, कॅल्शियमवाल्यात साधारण ८३, ग्लुकोजवाल्यात ५२. भाव किलोला बघू नका, आतल्या सी ला बघा.

---

चौकस_चिमणी

मधेच घुसतेय, पण मग सगळ्यात पक्कं कुलूप कुठलं? तेच सगळीकडे का नाही वापरत?

---

केमिकल_लोचा

@चौकस_चिमणी भारी प्रश्न. दोन नंबरला सल्फेट बसवता येतो, ॲस्कॉर्बेट-२-सल्फेट, प्रचंड टिकाऊ, उकळा नाहीतर काही करा. पण गिनी पिगला दिलं, माकडांना दिलं, त्यांचं स्कर्व्ही (सी कमी पडून होणारा आजार) काही बरं होईना. आपल्यासारख्यांच्या शरीरात ते कुलूप उघडायची किल्लीच कामाची नाही, आलं तसं बाहेर जातं. म्हणून फॉस्फेट आणि ग्लुकोज, कारण या दोन्हीच्या किल्ल्या आतड्यात आधीपासूनच टांगलेल्या आहेत, रोजच्या जेवणासाठी.

ग्लुकोजवालं जपानमध्ये ओकायामाच्या हायाशिबारा कंपनीने आणलं. स्टार्च आणि सी एकत्र, त्यात एक एन्झाइम, ते स्टार्चमधली ग्लुकोज उचलून दोन नंबरवर डकवतं. कधीकधी एकाच्या जागी चारपाच डकवतं, मग दुसरं एन्झाइम घालून जादाचे काढतात. ना पिरिडिन ना धूर. महाग मात्र आहे, जास्त करून क्रीममध्ये दिसतं.

---

खाजणातला_माणूस

पालघरकडे आमची कोळंबीची तळी आहेत, व्हॅनामी जातीची करतो. इथे केमिस्ट्रीच्या धाग्यात कोळंबीवाला काय करतोय असं वाटेल पण हे फॉस्फेटवालं सी सगळ्यात जास्त कोण खात असेल तर आमची जनावरंच खात असतील.

कोळंबीला पण माणसासारखंच, स्वतःचं सी बनवता येत नाही. कमी पडलं की पाठीच्या सालाखाली, कल्ल्यांत काळे डाग येतात, 'ब्लॅक डेथ' म्हणतात त्याला, पटापट मरतात. आणि खाद्य कसं बनतं तर वाफ आणि दाबाखाली, साधं सी तिथेच बरंचसं जातं, उरलेलं गोदामात, आणि त्यातूनही उरलं तर पाण्यात पडल्या पडल्या विरघळून जातं, कोळंबी येऊन खाईपर्यंत ब्रह्म उरतं. म्हणून खाद्यात ते पॉलिफॉस्फेटवालं घालतात. ३५ टक्क्यांचं असतं, म्हणजे किलोमागे ३५० ग्रॅम सी धरायचं. सुरुवातीला मी म्हणायचो शंभरातलं पस्तीसच देताय, बाकी काय माती? आता कळलं बाकी फॉस्फेटची शेपूट आणि मीठ.

ताई, एक मात्र सांगतो, हे फीड ग्रेड असतं, स्वस्त मिळालं म्हणून कुणी गोणीतलं दिलं तर सत्त्वात घालू नका हां. मागायला येतात असे लोक.

---

टायट्रेशन_बाई

खाजणदादा म्हणतात ते फार महत्त्वाचं. आणि फूड ग्रेड मिळालं तरी तुमच्या प्रकारच्या पदार्थात, लेबलवर काय दावा करताय त्यासकट, फसाईच्या (एफएसएसएआय, सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरण) यादीत तो रेणू त्या नावाने आहे का ते परवान्याच्या कन्सल्टंटकडून लेखी घ्या. ३००, ३०१ वाल्याला मंजुरी आहे म्हणून त्याच्या भावंडांना आपोआप मिळत नाही.

बरं आता मला एक सांगा ताई, सी तुम्ही मिसळता कधी? आणि कशात?

---

नाचणीवाली_वाई

दळून आणलं की लगेच मिसळतो, पीठ कोमट असतं तेव्हा छान एकजीव होतं म्हणून. मोठ्या पितळी परातीत. बरण्या पारदर्शक प्लास्टिकच्या, लोकांना माल दिसावा म्हणून.

(आता लिहितानाच हसू येतंय, काय काय चुका निघणार ते दिसतंय)

---

टायट्रेशन_बाई

😀 पल्व्हरायझरमधून निघालेलं पीठ कोमट नसतं हो, चांगलं गरम असतं. आणि त्यातली वाफ बरणीत कोंडते. पितळेत तांबं असतं, कोरड्या पिठाला फार फरक पडणार नाही पण गूळ ओलसर असेल तर कशाला विषाची परीक्षा, स्टीलची परात घ्या. पीठ रात्रभर पूर्ण गार होऊ दे, गूळ पावडरची ओल बघा, सी सगळ्यात शेवटी घाला. पारदर्शक बरणीऐवजी फॉइलचं पाकीट, जमलं तर नायट्रोजन मारून. एवढं केलंत तरी निम्म्याचा पाऊण होईल असं मला वाटतं, रुपयाचं केमिकल न बदलता. त्यावर कोटेड ॲस्कॉर्बिक घ्या, ते फॉस्फेटपेक्षा पुष्कळ स्वस्त, कोटिंगमुळे लोहाला आणि ओलीला हात लावता येत नाही. आणि छापता त्यापेक्षा थोडं जास्त घाला, ओव्हरेज म्हणतात, सगळेच घालतात.

---

केमिकल_लोचा

+१. आणि एक मुद्दा राहिला, मगाशीच लिहायला पाहिजे होता. ताई, तुम्हाला सी लोहासाठी पाहिजे ना? नाचणीतले फायटेट आणि टॅनिन लोहाला धरून ठेवतात, तिथे सी दोन कामं करतं, लोहाला इलेक्ट्रॉन देऊन फेरस (अंगाला लागणाऱ्या रूपातलं) करतं आणि त्याला विरघळलेलं ठेवतं. पण फॉस्फेटवाल्याला इलेक्ट्रॉन देता येत नाही, तोच तर त्याचा टिकाऊपणा! कुलूप निघेपर्यंत, म्हणजे आतड्यात पोचेपर्यंत, ते लोहाच्या कामाचं नाही. पोटातल्या ॲसिडमध्ये जिथे सुरुवातीला मदत हवी तिथे ते नुसतं बघत बसणार. स्कर्व्हीसाठी उत्तम, तुमच्या कामासाठी मला तरी महागाचा सौदा वाटतो.

---

सुगरण_आत्या

मला केमिस्ट्री कळत नाही पण नाचणीचं सत्त्व कोणी कच्चं खातं का गं? दहा मिनिटं रटरट शिजवतात ना. मग तुम्ही बरणीत जपलेलं ते सी माझ्या पातेल्यात जाणारच की. मी माझ्या नातवाला नाचणीची आंबील करते, कोमट झाली की वरून लिंबू पिळते.

---

टायट्रेशन_बाई

आत्या 🙏 आम्ही सगळे इथे पीएच १२ वर भांडतोय

---

नाचणीवाली_वाई

आत्या, खरंच डोक्यातच आलं नाही! कोटिंगवाल्याची चरबी पण शिजताना वितळणार म्हणजे.

आज गटाच्या मीटिंगमध्ये ठरलं, पामिटेटवाल्याला नाही म्हणून कळवलं. बरणीतून सी काढून टाकायचं आणि लेबलवरचा आकडाही. छोटी वेगळी पुडी द्यायची, साधं ॲस्कॉर्बिक, खडीसाखरेच्या पुडीत, 'शिजवून कोमट झाल्यावर घाला' असं लिहून. तिथे गूळ नाही, लोह नाही, शिजवणं नाही. दीर म्हणतोय पुडीत निदान सोडा तरी घालू, फसफसलं की मुलांना आवडेल.

---

केमिकल_लोचा

दुधाच्या सत्त्वात नुसतं ॲसिड घातलं की दूध फाटू शकतं, तेवढं बघा. तिथे मात्र दिराचं सोडियम ॲस्कॉर्बेटचं ऐका, फक्त पुडीत घरी केलेलं नको, विकतचं सोडियम ॲस्कॉर्बेट घ्या, आंबट नाही त्यामुळे दूध फाटायची भीती नाही. कोरड्या पुडीत, फॉइलमध्ये, उजेडापासून लांब. उजेडात पिवळं पडतं ते.

---

नाचणीवाली_वाई

दिराला वाचून दाखवलं. सकाळपासून कॉलर टाइट आहे.